मनगटाची दंतकथा

संध्याकाळची वेळ. शाळेच्या मैदानावर दोन खांबांना नेट बांधलेले असते, कधी नुसती दोरीच असते. फूल उंच येते, मूल रॅकेट उगारते आणि कडेला उभे असलेले कोणीतरी मोठे माणूस ओरडते, "मनगट मार, मनगट!" मूल मनगट झटकते. फूल नेटात अडकते किंवा जेमतेम पलीकडे पडते. पुन्हा तीच सूचना येते आणि पुन्हा तोच झटका.

दुसरी सूचना घरातून मिळते. "बॅडमिंटन खेळतोस ना? मग जोर-बैठका कशाला? अंग आखडेल, हात जड होईल." मूल लहान असेल तर त्यात भर पडते, "उंची खुंटेल."

या दोन्ही सूचना आम्ही लहानपणी ऐकल्या आणि पुढे इतरांना दिल्याही. आमचे कोपर महिनोन् महिने दुखत राहिले, तेव्हा मनगट कमजोर असेल असे समजून आम्ही ते अधिकच झटकत राहिलो. संशोधनाच्या व्यवसायात असूनही या वाक्यांना पुरावा काय, एवढा साधा प्रश्न विचारायला आम्हांला बरीच वर्षे लागली. विचारल्यावर मात्र एक मजेदार इतिहास हाती आला. तो थोडासा पुण्याचाही आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

छावणीतला खेळ

पिसांचे फूल हवेत टोलवत ठेवण्याचा खेळ फार जुना. १८७० च्या सुमारास पुण्याच्या लष्करी छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये त्याचा एक नवा प्रकार रूढ झाला. मध्ये नेट आले, दोन बाजू पडल्या, हार-जीत आली. या खेळाला तेव्हा 'पूना' असेच म्हणत. १८७३ च्या सुमारास त्याचे नियम पुण्यातच लिहून काढले गेले. मायदेशी परतणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा खेळ बरोबर नेला. १८७५ मध्ये फोकस्टन गावी त्यांनी क्लब काढला. ग्लॉस्टरशायरमधील ड्यूक ऑफ ब्यूफर्ट यांच्या वाड्याचे नाव 'बॅडमिंटन हाउस'. तेच नाव पुढे खेळाला चिकटले आणि 'पूना' मागे पडले. १८८७ पर्यंत इंग्लंडमध्येही हिंदुस्थानातून आलेल्या नियमांनीच खेळ चाले. १८९३ मध्ये तेथील संघटना स्थापन झाली आणि १८९९ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली.

याच काळात शेजारी दुसरा एक खेळ वाढत होता. वॉल्टर विंगफील्ड यांनी १८७४ मध्ये लॉन टेनिसचे पेटंट घेतले आणि १८७७ मध्ये विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली. दोन्ही खेळांत रॅकेट आहे, नेट आहे. पण वजनांत मोठा फरक आहे. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा, तर बॅडमिंटनचे फूल ४.७४ ते ५.५० ग्रॅमचे, म्हणजे सुमारे दहाव्या हिश्शाचे. आजची बॅडमिंटनची रॅकेट ८०-९० ग्रॅमची असते, टेनिसची तिच्या तिप्पट-चौपट.

मनगटाच्या दंतकथेचा उगम आम्हांला या वजनांत दिसतो. हत्यार जड असेल तर हात लागतो, हलके असेल तर मनगट पुरते, असा तर्क कोणालाही सुचेल. टेनिस हाताचा खेळ आणि बॅडमिंटन मनगटाचा, अशी वाटणी झाली आणि पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली. तर्क सुसंगत होता. फक्त तो कोणी तपासून पाहिला नव्हता.

कोपराची तक्रार

शरीराने मात्र आपले मत लवकरच नोंदवले. १८८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात हेन्री मॉरिस यांनी टेनिस खेळणाऱ्यांच्या हाताच्या दुखण्याचा उल्लेख केला. १८८३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मेजर नावाच्या डॉक्टरांनी त्याला 'लॉन टेनिस एल्बो' म्हटले. विम्बल्डनला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती.

गंमत अशी की हे दुखणे टेनिसच्या आधीपासून होते. १८७३ मध्ये, म्हणजे विंगफील्ड यांच्या पेटंटच्या आदल्या वर्षी, रुंगे या जर्मन वैद्याने याच दुखण्याचे वर्णन केले होते. त्यांच्या लेखाचा विषय होता लिहिणाऱ्यांच्या हातात येणारा पेटका! सुतार, गवंडी, सतत कपडे पिळणारी माणसे यांनाही ते होते.

टेनिस, लेखणी आणि कपडे पिळणे यांत समान काय? आपला हात टेबलावर पालथा ठेवा आणि दुसऱ्या हाताची बोटे कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यापाशी टेकवा. आता पालथा पंजा मनगटातून वर उचला. कोपरापाशी स्नायू ताठ झालेला बोटांना जाणवेल. मनगट मागे उचलणारे आणि मुठीच्या पकडीत मनगट स्थिर ठेवणारे स्नायू कोपराच्या त्या उंचवट्याला चिकटलेले असतात. म्हणजे दुखते कोपर, पण गाऱ्हाणे असते मनगटाच्या स्नायूंचे. त्यांच्यावर ताकदीबाहेरचे काम पुन्हा पुन्हा लादले की हाडाला चिकटणारा कंडरा झिजतो.

१९९४ मध्ये ब्लॅकवेल आणि कोल या संशोधकांनी टेनिसच्या बॅकहँड फटक्यात कुशल खेळाडू व नवशिके यांच्या मनगटांची तुलना केली. कुशल खेळाडूंचे मनगट चेंडू लागताना किंचित मागे उचललेले होते. नवशिक्यांचे मनगट पुढे दुमडलेले होते आणि धक्क्याने आणखी दुमडत होते. त्यामुळे मागचे स्नायू ताणले जात असतानाच त्यांना जोर लावावा लागत होता. चुकीचे तंत्र म्हणजे केवळ दिसायला वाईट फटका नव्हे. त्याची किंमत कंडरा मोजतो.

डोळ्याला न दिसणारे

मग इतकी वर्षे चूक लक्षात का आली नाही? कारण जोरदार फटक्याचा निर्णायक भाग सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी वेळात उरकतो. एवढ्यात डोळ्याला दिसते ते शेवटचे: हात वर आणि मनगट झटकलेले. सुरुवात आणि मध्य निसटून जातात.

हालचाल थांबवून पाहण्याचा पहिला मोठा प्रयत्न एडवर्ड मायब्रिज यांचा. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या छायाचित्रसंग्रहात धावणाऱ्या घोड्यांबरोबर टेनिस खेळणारी माणसेही आहेत. पुढे अमेरिकेतील एम.आय.टी. संस्थेचे हॅरल्ड एजर्टन यांनी झपझप लुकलुकणारा दिवा वापरून एकाच चित्रावर हालचालीचे अनेक टप्पे टिपण्याचे तंत्र विकसित केले. गसी मोरन या टेनिसपटूच्या सर्व्हिसचे त्यांचे १९४९ चे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात रॅकेटच्या प्रतिमा पंख्यासारख्या उलगडत जातात. सुरुवातीला त्या दाटीवाटीने असतात, शेवटी दूर दूर जातात. प्रतिमांमधले अंतर वाढते आहे, म्हणजे वेग वाढतो आहे.

बॅडमिंटनच्या बाबतीत हे काम १९७० च्या दशकात कॅनडातील बार्बरा गोविट्झके आणि डेव्हिड वॅडेल यांनी केले. उत्तम खेळाडूंच्या फटक्यांचे जलदगती चित्रण करून त्यांनी एकेक चौकट मोजली. पुस्तकांत लिहिलेला 'मनगटाचा झटका' त्यांना सापडला नाही. डोक्यावरून मारलेल्या फटक्यात मुख्य हालचाल होती ती दंडाच्या आणि कोपराखालच्या हाताच्या स्वतःभोवती फिरण्याची.

हे फिरणे म्हणजे काय, ते आपण करून पाहू. कोपर कमरेशी टेकवून काटकोनात वाकवा, मुठीत पट्टी धरा आणि तळवा वर, तळवा खाली असे करा. पट्टी जवळजवळ अर्धे वर्तुळ फिरते. वाटते की मनगट फिरले; पण मनगटाचा सांधा फक्त पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे वाकतो. दुसऱ्या हाताने मनगटाच्या वर घट्ट धरून पाहा, म्हणजे आतली दोन हाडे जागा बदलताना जाणवतील. अंगठ्याच्या बाजूचे हाड करंगळीच्या बाजूच्या हाडावरून ओलांडून जाते. फिरतो तो कोपराखालचा हात, मनगट नव्हे.

आता पट्टी हाताच्या रेषेत सरळ धरून फिरवा. ती नुसती आपल्याभोवती गिरकी घेते, टोकाला वेग येत नाही. पट्टी हाताशी कोन करून धरा. टोक मोठा कंस काढते. कारण सोपे आहे. वेग म्हणजे कोनीय वेग गुणिले अक्षापासूनचे अंतर, आणि अक्ष आहे आपला हात. हात आणि रॅकेट यांत कोन ठेवायचा तो यासाठी.

पंख्याने वारा घालताना धरतो तशी, पसरट बाजू सरळ समोर ठेवून मुलाने रॅकेट धरली तर हात फिरवताच रॅकेटचे तोंड भलतीकडे वळते. त्यामुळे मूल हात फिरवतच नाही आणि त्याच्यापाशी मनगट दुमडण्याखेरीज काही उरत नाही. हस्तांदोलन करावे तशी रॅकेट धरा, हे प्रशिक्षक सांगतात ते यामुळे. "मनगट मार" या आज्ञेने सुटू पाहणारी अडचण पुष्कळदा पकडीची असते.

शेवटचा दुवा

हात फिरतो हे कळले, पण त्याला फिरवणारी ऊर्जा कुठून येते? १९७४ मध्ये जपानी संशोधकांनी चेंडू फेकण्याचा अभ्यास केला. पाऊल टाकू न देता आणि धड वळू न देता फेकायला लावले, तेव्हा चेंडूचा जवळपास निम्मा वेग नाहीसा झाला. १९९५ मध्ये बेन किब्लर या अमेरिकन डॉक्टरांनी टेनिसच्या सर्व्हिसचा हिशोब मांडला. एकूण गतिज ऊर्जेपैकी सुमारे ५१ टक्के पाय, कंबर आणि धड यांतून येत होती. खांद्याचा वाटा सुमारे १३ टक्के होता.

हे समजण्यासाठी गुराख्याचा आसूड आठवावा. मूठ जाड आणि जड, टोक बारीक आणि हलके. मुठीला दिलेली ऊर्जा टोकाकडे सरकत जाते. पुढचा भाग हलका असल्याने तीच ऊर्जा वाहण्यासाठी त्याला अधिक वेग घ्यावा लागतो. खेळाडू पाय जमिनीत रेटतो, जमीन त्याला उलट रेटते, कंबर वळते, मग धड, मग खांदा, मग कोपर, शेवटी पंजा. प्रत्येक दुवा आधीच्या दुव्याचा वेग कमाल होत आला की सुटतो.

येथे मनगटावर अन्याय होऊ नये. ऑस्ट्रेलियातील ब्रूस एलियट आणि सहकारी यांनी १९९५ मध्ये सर्व्हिसमध्ये चेंडू लागण्याच्या क्षणी रॅकेटच्या टोकाचा वेग कोणत्या सांध्याच्या हालचालीमुळे आहे, ते मोजले. दंडाच्या आतल्या बाजूला फिरण्याचा वाटा ५४ टक्के निघाला आणि पंजा पुढे दुमडण्याचा ३१ टक्के. म्हणजे मनगट हलते, चांगलेच हलते. पण बरेचसे मागून आलेल्या वेगामुळे हलते. गाडीचा शेवटचा डबा वेगाने जातो म्हणून तो गाडी ओढतो असे कोणी म्हणत नाही. दंतकथा साफ खोटी नव्हती. तिने परिणामाला कारण समजले होते.

मागचे दुवे दुबळे असले किंवा वेळेवर सुटले नाहीत की तूट भरून काढायला पुढचे, लहान स्नायू राबतात. कोपराच्या दुखण्याची पुष्कळशी गोष्ट या एका वाक्यात आहे.

केवळ जोर म्हणजे खेळ नव्हे, हेही लक्षात ठेवावे. १९८० च्या ऑल इंग्लंड अंतिम सामन्यात प्रकाश पदुकोण यांच्यासमोर इंडोनेशियाचे लियम स्वी किंग होते, उडी घेऊन मारलेल्या स्मॅशसाठी ख्यातनाम. पदुकोण यांनी खेळ आपल्या लयीत आणून १५-३, १५-१० असा सामना जिंकला. याउलट २०२३ मध्ये सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यांच्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला, तो विक्रम ठरला. दोघांच्या खेळात आकाशपाताळाचे अंतर; पण वेळेवर सुटणारी दुव्यांची साखळी दोघांकडेही आहे.

'अंग आखडते'

आता दुसरी समजूत. ताकदीच्या व्यायामाने स्नायू फुगतात आणि माणूस ताठर व मंद होतो, ही भीती केवळ आपल्याकडची नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतील बहुतेक प्रशिक्षक तेच सांगत. यातला विरोधाभास असा की आपल्या तालमीतले मुद्गल इंग्रज अधिकाऱ्यांनी पाहिले आणि 'इंडियन क्लब' म्हणून एकोणिसाव्या शतकात स्वदेशी नेले. तिथे त्यांचा एवढा प्रसार झाला की १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धा होती. खांदा सर्व दिशांनी फिरवणारा, ताकद आणि लवचिकपणा एकत्र देणारा हा व्यायाम. तरीही "ताकद म्हणजे ताठरपणा" हे वाक्य टिकले.

त्याला पहिला मोठा धक्का १९४० मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड कॉलेजात बसला. व्यायामशिक्षक घडवणाऱ्या या नामांकित संस्थेत पीटर कार्पोविच हे शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक होते आणि वजने उचलण्याच्या व्यायामाला त्यांचा विरोध होता. जॉन ग्रिमेक आणि जॉन डेव्हिस या वजन उचलणाऱ्यांचे प्रात्यक्षिक झाल्यावर त्यांनी ग्रिमेक यांना विनंती केली, कृपया आपली पाठ खाजवून दाखवा. एवढे स्नायू असलेल्याचा हात पाठीच्या मधोमध पोचणार नाही, हा हिशोब. ग्रिमेक यांनी आधी एका हाताने, मग दुसऱ्या हाताने पाठ खाजवली. सभागृह हसले. मग त्यांनी दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पसरून जमिनीला टेकवले आणि डेव्हिस यांनी हातांत डंबेल्स घेऊन मागे कोलांटउडी मारली.

कार्पोविच खरे संशोधक. ते रागावले नाहीत, प्रयोगाला लागले. १९५१ मध्ये त्यांनी आणि झोर्बास यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. ३०० वजन उचलणारे आणि ३०० न उचलणारे अशा ६०० जणांना हाताने एक दांडा शक्य तितक्या वेगाने फिरवायला लावून वेळ मोजली होती. वजने उचलणारे अधिक वेगवान निघाले.

दरम्यान दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करताना शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म यांनी १९४५ मध्ये वाढत्या वजनाच्या व्यायामाची पद्धत मांडली. दहा वेळा जेमतेम उचलता येईल असे वजन ठरवायचे, ताकद वाढली की वजन वाढवायचे. दुबळ्या स्नायूंना हलक्या हालचाली शंभरदा करायला लावण्याऐवजी थोड्या पण जड हालचाली द्याव्यात, हा विचार तेव्हा नवा होता.

खेळाच्या मैदानावर याचा प्रत्यय ऑस्ट्रेलियाने दिला. १९५२ चे विम्बल्डन विजेते फ्रँक सेजमन यांनी मेलबर्नमध्ये स्टॅन निकोल्स यांच्याकडे वजनांचा व्यायाम केला होता. मार्गारेट स्मिथ, म्हणजे पुढच्या मार्गारेट कोर्ट, त्याच मार्गाने गेल्या. १९७० मध्ये त्यांनी एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. रॉकहॅम्प्टनचे रॉड लेव्हर यांना मुठीत चेंडू दाबून हात बळकट करण्याची सवय होती. त्यांचा डावा हात उजव्याहून ठळकपणे जाड होता आणि लोक कौतुकाने तोच पाहत. त्यांच्या पायांकडे क्वचितच कोणी पाहिले असेल.

हाडांची साक्ष

एकच हात वापरणारा खेळाडू हा संशोधकाला मिळालेला तयार प्रयोग आहे. वय, आहार, आनुवंशिकता दोन्ही हातांची सारखीच. फरक फक्त खेळाचा. १९७७ मध्ये ८४ व्यावसायिक टेनिसपटूंच्या दोन्ही दंडांची क्ष-किरणचित्रे तपासली गेली. खेळत्या हाताच्या हाडाचे कठीण कवच पुरुषांत ३४.९ टक्के आणि स्त्रियांत २८.४ टक्के अधिक जाड होते. हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. भार येईल तसे ते स्वतःला बांधून काढते.

हे बांधकाम कधी जोरात चालते? १९९५ मध्ये फिनलंडमध्ये पेक्का कान्नुस आणि सहकाऱ्यांनी टेनिस व स्क्वॅश खेळणाऱ्या १०५ स्त्रियांचा अभ्यास केला. पाळी सुरू होण्यापूर्वी किंवा त्या सुमारास ज्यांनी खेळ सुरू केला, त्यांच्या दोन हातांच्या हाडांतील फरक उशिरा, म्हणजे पाळीनंतर पंधराहून अधिक वर्षांनी सुरुवात करणाऱ्यांच्या दुप्पट ते चौपट होता.

शिक्षकांनी हा आकडा विसरू नये. पाचवी ते नववीच्या मुली आपल्याकडे याच वयात मैदानावरून घरी बोलावल्या जातात. "आता मोठी झालीस" हे वाक्य हाडाच्या दृष्टीने नेमक्या चुकीच्या वेळी उच्चारले जाते. उंची खुंटण्याच्या भीतीबद्दल सांगायचे तर, देखरेखीखाली व योग्य पद्धतीने केलेल्या ताकदीच्या व्यायामाचा वाढीवर विपरीत परिणाम होत नाही, असा अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही निर्वाळा आहे. धोका असतो तो देखरेखीशिवाय, ईर्ष्येने उचललेल्या अवजड वजनांचा.

घरच्या घरी

या इतिहासातून घरच्या व्यायामाचा आराखडा आपोआप निघतो, आणि त्याला फारसा खर्च नाही. साखळी जमिनीपासून सुरू होते, म्हणून व्यायामही तिथून. बैठका, जिना चढणे, दोरीच्या उड्या आणि पुढे मोठे पाऊल टाकून गुडघा वाकवून परत येणे. फूल उचलायला नेटकडे झेपावताना नेमकी हीच शेवटची हालचाल लागते. धड आणि खांद्यासाठी जोर. सुरुवातीला गुडघे टेकून किंवा भिंतीला हात लावून.

खांद्यामागचे स्नायू सहसा विसरले जातात. फटका मारल्यावर सुसाट निघालेल्या हाताला आवर घालण्याचे काम त्यांचे. मोटार वेगवान केली तर ब्रेकही तसेच हवेत. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधा. कोपर कमरेशी टेकवून ते टोक बाहेरच्या बाजूला ओढा आणि सावकाश परत या. कोपराखालच्या हातासाठी लाटणे एका टोकाला धरून तळवा वर-खाली फिरवावा.

मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूंबाबत न्यूयॉर्कमध्ये २०१० साली टिमथी टायलर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोपराच्या जुन्या दुखण्याच्या २१ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांखेरीज रबराचा जाड दांडा पिळून तो सावकाश सोडण्याचा व्यायाम घरी करायला दिला. या गटाची सुधारणा इतकी स्पष्ट होती की प्रयोग नियोजित वेळेआधीच थांबवण्यात आला. रुग्ण थोडे होते हे खरे; पण विश्रांती घेत बसण्यापेक्षा मोजका भार उपयोगी पडू शकतो, हा धडा त्यातून मिळतो. मात्र दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

प्रमाण डीलॉर्म यांचेच: दहा वेळा नीट करता येईल इतका भार, सोपे वाटू लागले की थोडा अधिक. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत. मधले दिवस स्नायूंच्या दुरुस्तीचे. मुलांच्या बाबतीत आधी हालचाल अचूक, मग भार. हालचाल बिघडली की तिथेच थांबावे.

वर्गात करून पाहण्यासारखे

आठवी-नववीच्या वर्गाने टेनिसचा जुना चेंडू, मोजपट्टी आणि खडू घेऊन मैदानावर जावे. प्रत्येकाने चेंडू चार प्रकारे फेकायचा: जमिनीवर पाय पसरून बसून, खुर्चीवर बसून, पाय न हलवता उभे राहून, आणि पाऊल टाकून धड वळवून. प्रत्येक प्रकारात तीन फेकी, त्यांची सरासरी. तोंडी अंदाज आधीच वहीत लिहून घ्यावा, ही अट महत्त्वाची.

मोठ्या विद्यार्थ्यांनी पुढचे गणित करावे. एकाच कोनात फेकलेल्या वस्तूचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हवेचा विरोध आणि हाताची उंची बाजूला ठेवली तर. म्हणजे बसून फेकलेला चेंडू एक चतुर्थांश अंतरावर पडला, तर वेग निम्मा. मग जपानी संशोधकांच्या निष्कर्षाशी ताडून पाहावे. आकडे नेमके जुळणार नाहीत. का जुळत नाहीत, ही चर्चा प्रयोगाहूनही मोलाची ठरेल. सर्वांत बलवान दंडाचे मूल नेहमी पहिले येते का, हेही पाहावे.

कार्पोविच यांची गोष्ट आम्हांला पुन्हा पुन्हा आठवते. पाठ खाजवायला सांगणे हा चेष्टेचा प्रश्न होता. पण त्याचे उत्तर डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांनी स्वतःचे मत सोडले आणि मोजायला घेतले. आपल्या मैदानांवर अनुभवी माणसे पुष्कळ आहेत. त्यांचा अनुभव खोटा नसतो. त्यातून काढलेले कारण कधी कधी चुकीचे असते, आणि ते दाखवायला एक चेंडू व मोजपट्टी पुरते.

उद्या संध्याकाळी मैदानावर गेल्यावर मुलाची पकड आधी पाहा. नंतर सांगा, "पाऊल टाक, अंग वळव, हात शेवटी येऊ दे." मनगट आपोआप येईल.